'सिनॅरिओ'ला भाकीत म्हणावं का?

अर्धविराम: सौर भूअभियांत्रिकीवरचा, म्हणजे थोडं ऊन परतवून पृथ्वी थंड ठेवण्याच्या कल्पनेवरचा, एक लेख मराठीत आणतेय. त्यात एक वाक्य असं: 'या सिनॅरिओत २०३५पासून स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) सल्फर डायऑक्साइड सोडायला सुरुवात होते आणि तापमानवाढ दीड अंशाच्या आसपास रोखली जाते.' मी 'भाकीत' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'परिदृश्य' केलं. मला दोन्ही खटकतात. पानोपानी येणारा शब्द आहे, काहीतरी सुचवा.

जुनीवही: परिदृश्य हिंदीतून उचललेलं. सरळ 'संभाव्य चित्र' लिहा.

काठावरचा: भाकीत तर अजिबात नको. पोटापाण्यासाठी हेच करतो म्हणून सांगतो. जिओमिप नावाच्या प्रकल्पात संगणकातल्या वेगवेगळ्या हवामान मॉडेलांवर भूअभियांत्रिकीचा एकच प्रयोग चालवून बघतात. त्यातल्या जी४ प्रयोगात ठरवलं होतं की २०२०पासून दरसाल ५० लाख टन सल्फर डायऑक्साइड सोडायचा, ५० वर्षांनी एकदम बंद करायचा आणि मग तापमान कसं उसळतं ते बघायचं. २०२० आलं नि गेलं, कोणी फवारणी केली नाही. भाकीत असतं तर ते खोटं ठरलं असतं. सिनॅरिओला खोटं ठरणं माहीतच नाही, तो फक्त 'समजा' म्हणतो.
आणि जुनीवही, 'संभाव्य'सुद्धा जपून. त्याच प्रकल्पाच्या जी६ प्रयोगात बेफाम उत्सर्जनाचं जग घेऊन ते मध्यम उत्सर्जनाच्या जगाइतकं थंड करतात. असं घडण्याचा संभव जास्त म्हणून नव्हे. फवारणीचा परिणाम हवामानाच्या नेहमीच्या चढउतारांत बुडून जाऊ नये, म्हणून मुद्दाम मोठा फरक घेतात.

उगाच: मग 'गृहीतक' म्हणा की!

काठावरचा: गृहीतक एकेक असतं. उत्सर्जन किती, फवारा कोणत्या अक्षांशावर, कधी थांबवायचं... या सगळ्यांची सुसंगत मोट बांधली की सिनॅरिओ. मोट बांधल्यावर मॉडेल चालवायचं. पाऊस कुठे घटला ते नंतर कळतं.

मूळपुरुष: शब्दाच्या मुळाशी जा. इटालियन नाट्यव्यवहारातून आलेला शब्द, त्याच्याही मागे ग्रीक 'स्किनी', म्हणजे तंबू. अणुयुद्धाचा विचार करणाऱ्या हर्मन कान यांनी तो भविष्याच्या आखणीत रुळवला. आपल्याकडे नाटकाचाच तयार शब्द आहे: संविधानक.

उगाच: 'या संविधानकात गंधक फवारलं जातं'! लोक राज्यघटना उघडून बसतील.

मूळपुरुष: वाचकाला संविधान आणि संविधानक यांतला फरक कळत नसेल तर दोष शब्दाचा नाही.

नीलरेघ: दोष शब्दाचाच असतो हो. 'सिनॅरिओ' ठेवा की तसाच. 'हवामान'मधली हवा अरबी आहे, ती रोज चालते ना आपल्याला? मला खरी अडचण 'सौर'ची वाटते. माझ्या बहिणीला शीर्षक वाचून दाखवलं तर म्हणाली, पॅनेलबद्दल आहे का? 'भूअभियांत्रिकी' ऐकून लोकांना पाया खणणं आठवतं. 'ऊन अडवणे' म्हटलं की एका दमात कळतं.

काठावरचा: अडवत नाही, थोडं परतवतात. १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्यातून वर गेलेल्या गंधकयुक्त कणांनी जग अर्ध्या अंशाच्या आसपास निवलं. ऊन काही अडलं नव्हतं.

जुनीवही: भाकीत इतकं सहज टाकू नका. भाक म्हणजे वचन. 'भाक दिली' म्हणतो आपण. म्हणजे भाकितात अटीचा अर्थ मुळातच आहे.

मूळपुरुष: भाक 'भाषा'वरून. 'करुणा भाकणे'त कसलं वचन आणि कसली अट?

जुनीवही: करुणा भाकणारा बदल्यात काही कबूल करतोच की.

मूळपुरुष: हे तुमचं स्वतःचं व्युत्पत्तिशास्त्र.

अर्धविराम: मी तूर्त 'समजाचित्र' लिहिलंय. संपादक काय म्हणतात बघू.

उगाच: चित्र कसलं, आकडेच तर असतात. पण 'स्थितांबर' कसं चालतं कोणाला? पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र, दिगंबराचं वस्त्र दिशा. मग स्थितांबर म्हणजे जागचं न हलणारं धोतर.

मूळपुरुष: अंबर म्हणजे आकाशही. कोश उघडा.

नीलरेघ: आणि त्याच्या खालचं 'तपांबर'? त्यात तप कोण करतंय?

मूळपुरुष: तप म्हणजे तापणं. तपश्चर्येतही तेच आहे.

जुनीवही: असं होय? मला तपश्चर्येतलं तप वेगळं वाटायचं.