‘हुशार’, ‘ढ’, ‘कच्चा’: बुद्धीबद्दलचे आपले शब्द

‘ग्रोथ माइंडसेट’ला मराठीत काय म्हणावं? शिक्षकांसाठी एक मजकूर लिहिते आहे. ‘विकासशील मानसिकता’ वापरून पाहिलं, पण वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

– ‘मानसिकता’ इथे बसत नाही. ही कल्पना मांडणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या मांडणीत मुद्दा मुलाच्या स्वभावाचा नाही. बुद्धी जन्मतः ठरलेली असते की मेहनतीने वाढते, याबद्दल ते काय मानतं याचा आहे. म्हणून ‘धारणा’. ‘वर्धिष्णू धारणा’ कसं वाटतं? शिवरायांच्या राजमुद्रेतला शब्द आहे, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखं वाढत जाणारं ते वर्धिष्णू.

– शब्द देखणा आहे, पण वाढतं काय? धारणा नव्हे, बुद्धी. ‘बुद्धी वाढते ही धारणा’ असं सरळ लिहा. लांबलं तरी चालेल.

– मला रोजच्या बोलण्यातले शब्द जास्त टोचतात. ब्राह्मीपासून आजवर ‘ढ’ या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असं सांगितलं जातं. व्युत्पत्ती खरी असो-नसो, मुलाला ऐकू येतं ते हेच, की तू बदलणार नाहीस. ‘हुशार’ मात्र फारसीतल्या ‘होश’कडून आलेला, मूळ अर्थ सावध, जागा. जागं तर कुणालाही राहता येतं! आपणच त्याला जन्मजात देणगी करून टाकलं.

– मग शाबासकी देताना ‘हुशार आहेस’ म्हणूच नये?

– म्यूलर आणि ड्वेक यांचे १९९८चे प्रयोग पाहा. कोडी सुटल्यावर पाचवीतल्या काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढची अवघड कोडी अडल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर कंटाळली, आणि नंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हाही मागे पडली. पण नुसत्या धारणेने गुण भराभर वाढतात असंही लिहू नका. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवरचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने, मागे असलेल्या मुलांची ग्रेडची सरासरी साधारण ०.१ने वाढली, तीही चारच्या आसपासच्या मोजपट्टीवर. वाढ खरी, पण लहान.

– हे आकडे घालते. ‘गणितात कच्चा’ हा शब्दही काढू का?

– तो राहू द्या. कच्चं पिकतं.