मदत हवी आहे: दोन सिनेमांची तुलना जमत नाहीये, सोमवारी द्यायची आहे

मैत्रेयी_नाशिक (शुक्रवार, रात्री ११:४०)
नमस्कार. पार अडकले आहे, प्लीज लवकर सांगा. दोन डिस्टोपियन, म्हणजे कल्पनेतल्या जुलमी राज्याच्या, सिनेमांत सरकारचं नियंत्रण आणि माणसाचं स्वातंत्र्य कसं दाखवलंय याची तुलना करायची आहे. दोन्ही बघून झाले, लिहूनही झालं, पण सर म्हणतात ही तुलनाच नाही. दोन्हींत सरकार लोकांना दाबतं आणि नायक उलटतो. आणखी काय लिहायचं असतं?

रविवार_कारंजा
कुठले दोन? कॉलेजसाठी की आणखी कशासाठी? किती शब्द? आणि सर नेमकं काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांग. त्याशिवाय आम्ही अंधारात दगड मारणार.

द्राक्षबाग_दिंडोरी
माझं ऐकाल तर 'द लाइव्ज ऑफ अदर्स' घ्या, २००६ चा जर्मन सिनेमा. पूर्व जर्मनीतला गुप्त पोलीस माळ्यावर कानाला हेडफोन लावून बसतो, खालच्या घरातलं बोलणं टिपतो, आणि ऐकता ऐकता स्वतःच बदलत जातो. नियंत्रण करणाराही मोकळा नसतो, हे इतकं नीट मी दुसरीकडे पाहिलं नाही.

जुना_पंचवटीकर
सिनेमा उत्तम, पण तो डिस्टोपिया नव्हे. पूर्व जर्मनी खराखुरा देश होता, तिथलं गुप्त पोलीस खातंही खरं. डिस्टोपिया कल्पनेतला असतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
काका, विषय सरकारी नियंत्रणाचा आहे ना? मग खरं घडलेलं जास्त मोलाचं.

जुना_पंचवटीकर
मोलाचं आहेच. पण तिच्या विषयात 'डिस्टोपियन' हा शब्द आहे आणि मार्क त्यावर मिळणार.

मैत्रेयी_नाशिक
अहो, सिनेमे बदलायचे नाहीयेत! 'फॅरनहाइट ४५१' आणि 'ब्राझील'. टीवायबीए, इंग्रजी साहित्य, १५०० शब्द. सरांनी समासात लिहिलंय, 'दोन कथा शेजारी ठेवल्या आहेत, त्या एकमेकींशी बोलत नाहीत.' म्हणजे नक्की काय करू?

रविवार_कारंजा
आता कळलं. दोन्हींना एकच प्रश्न विचार आणि उत्तरं कुठे वेगळी पडतात ते लिही. उदाहरणार्थ, घरात सरकार कुठून शिरतं? 'फॅरनहाइट'मध्ये, म्हणजे पुस्तकं जाळणाऱ्या राज्याच्या गोष्टीत, नायक मोंटॅगची बायको लिंडा भिंतीवरच्या टीव्हीत रमलेली असते. मालिकेतली पात्रं तिला प्रश्न विचारतात, ती घाईघाईने उत्तर देते आणि आपणही त्या नाटकात आहोत असं तिला वाटतं. शेवटी नवऱ्याची खबर तीच देते.

मैत्रेयी_नाशिक
बायको? मोंटॅगला बायको कुठे आहे? शेवटी तो पक्षी उडून जातो, ज्याच्या डीएनएत पुस्तकं साठवलेली असतात, तो सिनेमा ना?

रविवार_कारंजा
तू २०१८ चा पाहिलास. त्यात बायकोचं पात्रच काढून टाकलंय. मी म्हणतोय तो दिग्दर्शक त्रुफोचा, १९६६ चा. प्रोजेक्टमध्ये साल लिहिलंयस का? नसेल तर आधी ते लिही. दोन्हींचं मूळ ब्रॅडबरीची १९५३ ची कादंबरी, पण तुलनेला जुनाच घे असं माझं ठाम मत आहे.

सबटायटल_मास्तर
जुना बघणार असाल तर सबटायटलची फाइल वेगळी घ्यावी लागली आणि ती मागेपुढे होत असली, तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून वेळ जुळवता येते. टीव्हीला पेनड्राइव्ह लावणार असाल तर सिनेमा आणि सबटायटल दोन्ही फाइलींना एकच नाव द्या.

जुना_पंचवटीकर
जुनाच बघ, बाळ. सुरुवातीला श्रेयनामावली पडद्यावर येतच नाही, एक आवाज ती वाचून दाखवतो आणि आपल्याला घरांच्या छपरांवरच्या अँटेना दिसत राहतात. वाचणं बंद झालेलं राज्य म्हणजे काय, ते पहिल्या मिनिटात अंगावर येतं. आणि शेवट! जंगलात माणसं एकेक पुस्तक पाठ करून तेच पुस्तक होऊन जगतात. एक म्हातारा मरणाला टेकलेला, पोराला ओळी शिकवतो आणि पुढे बर्फ पडत असताना ते पोर त्या म्हणतं. मला दर वेळी तुकोबांची गाथा आठवते. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते. कुणाच्या तोंडातून ते कसे काढणार?

आणीबाणीत मी शाळेत होतो. 'किस्सा कुर्सी का' या सिनेमाच्या प्रती तेव्हा जाळल्या गेल्या आणि आणीबाणी उठल्यावर तो पुन्हा काढावा लागला. त्यामुळे जाळणं ही माझ्यासाठी कल्पनेतली गोष्ट नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
मघाशी तर डिस्टोपिया कल्पनेतला असतो म्हणालात, काका.

मला 'ब्राझील' जास्त भिववतो, त्याचं कारण सांगतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव चढवलं, त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं. कुठल्या कचेरीत ते राहू द्या. दोन वर्षं हेलपाटे घातले. कुणी वाईट बोललं नाही. प्रत्येक जण कागद बघून म्हणायचा, 'हा माणूस तुम्ही नाही.' आधार कार्ड पुढे केलं तर म्हणायचे, 'ते बरोबर आहे, पण इथे हे आहे.' सोसायटीचं कर्ज त्यामुळे एक हंगाम अडकलं.

'ब्राझील'मध्ये छापायच्या यंत्रात एक किडा पडतो, टटलचं बटल होतं आणि भलताच माणूस घरातून उचलला जातो. बायकोकडून नवऱ्याची पावती सही करून घेतात. चौकशीचा खर्चही आरोपीकडूनच वसूल करतात, म्हणून पुढे नायक तिच्या घरी जादा घेतलेल्या पैशांचा चेक द्यायला जातो. ती विचारते, त्यांच्या देहाचं काय केलंत? ते बघताना मला पुढे बसवेना, उठून बाहेर गेलो.

रविवार_कारंजा
मैत्रेयी, तुझी तुलना इथेच आहे. कागद! एका सिनेमात सरकार कागद जाळतं, कारण त्याला कागदाची भीती वाटते. दुसऱ्यात सरकार कागदावरच चालतं, आणि कागद नि माणूस यांत फरक पडला तर चूक माणसाची. स्वातंत्र्यही तसंच उलटं. मोंटॅग कागद वाचवून मोकळा होतो. 'ब्राझील'मधला टटल कागद न भरता लोकांच्या घरचे पाइप दुरुस्त करतो म्हणून गुन्हेगार ठरतो, आणि शेवटी नायकाच्या स्वप्नात उडते कागदच टटलला गुंडाळून टाकतात. १५०० शब्दांना एवढं पुष्कळ झालं.

जुना_पंचवटीकर
कागदाचा मुद्दा मान्य. पण जाळणं मोठं पाप. चुकलेलं अक्षर दुरुस्त होतं, जळलेलं परत येत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
बटल परत आला का, काका?

जुना_पंचवटीकर
नाही आला. हे मला सुचलं नव्हतं. पण 'फॅरनहाइट'मध्ये लोकांना पुस्तकं नकोशीच झालेली असतात, तो धोका 'ब्राझील'मध्ये नाही, हे तिने लिहावं.

रविवार_कारंजा
मला तो आहेसा वाटतो. हॉटेलात बॉम्ब फुटतो, तरी नायकाची आई आणि तिची मंडळी जेवत राहतात. वेटर फक्त पडदा आणून मध्ये लावतो.

मैत्रेयी_नाशिक (रविवार, सकाळी ७:१०)
काल रात्री १९६६ चा पाहिला. लिंडा खबर देण्याच्या पेटीपाशी घुटमळते तो प्रसंग दोनदा लावला. आधीचं सगळं खोडून कागदापासून सुरुवात केलीये, सातशे शब्द झालेत. पुस्तकं नकोशी होणं आणि बॉम्ब फुटल्यावरही जेवत राहणं, यावर वेगळा परिच्छेद करते. काका, गाथेचं एका वाक्यात लिहू ना? सर मराठी उदाहरण चालेल म्हणालेत. दादा, तुमच्या सातबाऱ्याचं लिहिलं तर चालेल का?

द्राक्षबाग_दिंडोरी
लिहा ताई. फक्त गावाचं नाव घालू नका, दुरुस्तीचा अर्ज अजून आत आहे.