खाचांच्या प्लेटवर १० गिगाहर्ट्‌झची लाट धरत नाही

प्रश्न (वडोदरा): मकरपुऱ्यात ॲल्युमिनियम प्लेटवर खाचा मिल करून घेतल्या. रुंदी २ मिमी, दर ४ मिमीला एक, खोली ८ मिमी. हॉर्नने (कर्ण्यासारख्या अँटेनाने) १० गिगाहर्ट्‌झची मायक्रोवेव्ह लाट सोडतोय, पण लाट पृष्ठभागाला चिकटतच नाही.

उत्तर १: खोली चुकली. तरंगलांबी ३० मिमी, तिचा पाव ७.५. खाच त्याहून खोल असली की पृष्ठभाग कपॅसिटिव्ह होतो (कपॅसिटरसारखा वागतो), लाट धरत नाही. नवी प्लेट कशाला? वरून ३ मिमी फेस मिलिंग करा (वरचा थर सपाट कापून काढा). खोली ५ झाली की लाटेचं विद्युतक्षेत्र साधारण ५.५ मिमी उंचीवर पृष्ठभागावरच्या ३७ टक्के उरेल. डायोड डिटेक्टरने मोजाल तर हाच आकडा निम्म्या उंचीवर मिळेल, कारण तो पॉवर, म्हणजे क्षेत्राचा वर्ग, दाखवतो.

उत्तर २: हॉर्नचं विद्युतक्षेत्र प्लेटला लंब ठेवा, आडवं असलं तर सगळं फुकट. सुरुवातीच्या आठेक खाचा उथळ ते खोल अशा चढत्या हव्यात, नाहीतर बरीचशी ऊर्जा हवेत उधळते.