जुन्या गाडीला भंगारातले वायपर आर्म : तुमचे अनुभव सांगा

मे संपत आला की मला काचेची काळजी सुरू होते. माझी मारुती 800 सन 1998 ची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. गेल्या जुलैत ताम्हिणीत ऐन पावसात माझ्या बाजूचा वायपर काचेच्या मधोमध थांबला. मोटरचा आवाज येत होता, शेजारचा वायपर चालू होता, हाच जागचा हलेना. कडेला थांबून नट आवळला, दहाबारा फेऱ्या मारल्या आणि पुन्हा तेच. बहिणीच्या बाजूने जेवढं दिसत होतं तेवढ्यावर, पहिल्या गिअरमध्ये, माणगाव गाठलं.

तिथल्या मिस्त्रींनी आर्म, म्हणजे रबराचं ब्लेड धरणारा दांडा, उचकटून माझ्या हातात ठेवला. आर्म ज्याच्यावर बसतो आणि फिरतो ते स्पिंडल पोलादाचं असतं, त्याचे दाते शाबूत होते. आर्मचं डोकं मऊ धातूचं, त्यातले दाते मात्र पार सपाट झाले होते. तीन पावसाळे मी नुसती रबरं बदलत होते! नंतर पुण्यात जुन्या बाजारातून एका तोडलेल्या 800 ची जोडी घेतली आणि वर्ष छान गेलं. जुनी गाडी जपणाऱ्या सगळ्यांनी लिहा. आर्म कुठे मिळाले, घेताना काय बघितलंत, काय चुकलं? पाऊस यायच्या आत कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

*

ताई, चांगला विषय काढलात. माझी प्रीमियर पद्मिनी आहे, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, माझ्या फेऱ्या होतच असतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली. त्या सुमारास तोडीला आलेल्या एका टॅक्सीचे दोन्ही आर्म मी घेतले. वरून चकाचक, कारण रोज वापरातले, गंजायला उसंतच नव्हती. पण पहिल्याच सरीत ब्लेड काचेला नुसतं गोंजारत होतं. आतली स्प्रिंग इतकी वर्षं ताणली जाऊन दमलेली. पुढच्या वेळी एका बंगल्यात झाकून ठेवलेल्या गाडीचे आणले. ते गंजलेले, सांधा हलेना. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवले, तारेच्या ब्रशने घासले, काळा रंग दिला. हेच आज गाडीवर आहेत. तेव्हापासून मी चकाकीकडे बघतच नाही. आर्म हातात धरायचा, सांध्यात वाकवायचा आणि सोडायचा. खाडकन मिटला पाहिजे. हळूहळू मिटला तर ठेवून द्यायचा.

*

खाडकन मिटतो हे खरं, म्हणूनच एक कळकळीची विनंती. बदलताना काचेवर जाड टॉवेल किंवा घडी घातलेलं पोतं ठेवाच. ब्लेड काढलेला आर्म मी उभा करून ठेवला होता. मुलाचा धक्का लागला आणि तो काचेवर आपटला. टोकाला उघडं लोखंड. खालच्या कोपऱ्यापासून आरशापर्यंत चीर गेली. दीडशे रुपयांच्या आर्मपायी अख्खी काच बदलावी लागली.

*

रत्नागिरीकडे तर खाऱ्या हवेने सांध्याची पिनच धरते. मग स्प्रिंग कितीही चांगली असो, आर्म काचेवर दाबच देत नाही. माझ्या ओम्नीला हेच झालं होतं. मी मासे तोलायचा ताणकाटा घेतला, ब्लेडजवळ आर्मला अडकवला आणि काचेपासून जेमतेम उचलला जाईपर्यंत ओढला. माझ्या आर्मला सव्वादोनशे ग्रॅम, मित्राच्या धडधाकट ओम्नीला साडेपाचशे. संशय फिटला. भंगारवाल्याकडे काटा घेऊनच गेलो. त्याच्याकडच्या तीन गाड्यांवरचे आर्म जागेवरच तपासले आणि मगच पाना लावला. मोजायची सोय असताना अंदाजाने घेऊ नका, एवढंच सांगतो. महामार्गावर वेग वाढला की वायपर काचेवरून उचलल्यासारखा होतो ना, तो बऱ्याचदा याच ढिल्या स्प्रिंगमुळे.

*

काढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. नट निघाला तरी आर्म स्पिंडलला धरून बसतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पत्रा वाकतो, कधी डोकंच तुटतं. गंजाचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, उकळतं पाणी फक्त आर्मच्या डोक्यावर ओता (काचेवर अजिबात नको), मग आर्म उभा करून डावी-उजवीकडे हलवा. तरीही नाहीच आला तर बॅटरीचं टर्मिनल काढायचा छोटा पुलर मिळतो, तो अगदी बरोबर बसतो. आणि काढण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करा, म्हणजे स्पिंडल आपल्या थांबायच्या जागी येतं. काचेवर ब्लेड कुठे टेकलंय तिथे चिकटपट्टी लावून ठेवा. नवा आर्म त्याच रेषेवर बसवायचा. मी हे न करता बसवला होता, पहिल्याच फेरीत ब्लेड काचेच्या कडेच्या खांबावर आपटलं.

*

कोल्हापूर भाग. आमचा टाटा 407, दुधाचा. पहाटे तीनला निघायचं, पावसात वायपर नाही म्हणजे गाडी नाही. दाते गेल्यावर आत तांब्याची पातळ पट्टी घालून आर्म ठोकला होता. तेरा दिवस चालला. पट्टी झिजली आणि परत घसरायला लागला, शिवाय नट जास्त आवळल्याने स्पिंडलचे आटे खराब झाले ते वेगळंच. आधीच चांगला जुना आर्म बघितला असता तर स्पिंडलचा खर्च वाचला असता. बसवल्यावर दोन दिवसांनी नट पुन्हा एकदा आवळा. तो थोडा ढिला होतोच आणि ढिल्या नटातच दाते झिजतात.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे दाते जातात ते बर्फाने. रात्रीत ब्लेड काचेला गोठून बसतं, सकाळी घाईत आपण वायपर चालू करतो, मोटर ओढते आणि आर्मचं डोकं हार मानतं. माझ्या 2003 च्या कोरोलाचं तसंच झालं. इथल्या जंकयार्डात आपलीच हत्यारं घेऊन जायचं, ओळीने लावलेल्या गाड्यांतून हवा तो भाग स्वतः काढायचा. मागून ठोकलेली गाडी मी मुद्दाम शोधली. पुढचा भाग जसाच्या तसा होता, दोन्ही आर्म सुरेख निघाले. पुण्याच्या चुलतभावाने त्याच्या कोरोलासाठीही मागितले होते, पण इथे स्टिअरिंग डावीकडे. आर्मची लांबी आणि बाक उलट्या बाजूने असतो, तिकडच्या गाडीला ते लागणार नाहीत.

*

बाजू तर बघाच, टोकाचा हुकही बघा. दिसायला सारखे असले तरी रुंदी-जाडीत मिलीमीटरचा फरक असतो आणि ब्लेड खडखडतं. जुनं ब्लेड सोबत नेऊन लावून बघणं सोपं. वायपर काचेवर उड्या मारत असेल तर आर्म पिळलेला असतो. टोक काचेला समांतर नसलं की ब्लेड एका बाजूला कलतं. दोन पाने लावून अगदी हलकेच सरळ करता येतं, मी केलंय.

*

खर्च करण्याआधी आर्म धरून हलवून बघा. स्पिंडलसकट हलत असेल तर दोष खालच्या दांड्यांच्या बुशमध्ये (सांध्यात बसणाऱ्या कड्यांमध्ये) आहे. मी दोन जोड्या आणल्या आणि मग हे कळलं.

*

ही दोन मिनिटांची परीक्षा मी आत्ताच अंगणात जाऊन केली. उजवा घट्ट आहे, डावा स्पिंडलसकट डुलतोय. म्हणजे रविवारी जुन्या बाजारात बुश शोधायचे. ताणकाटाही नेते.

*

पद्मिनीवाले, तुम्हाला किंवा आणखी कुणाला लागला तर माझ्याकडे पद्मिनीचा चालकाच्या बाजूचा एक आर्म उरलाय. गाडी दोन वर्षांपूर्वी गेली, हा तेवढा काढून ठेवला होता. स्प्रिंग कडक आहे, दाते चांगले आहेत. पैसे नकोत, गाडीवर लागू दे.