मदत हवी आहे: घाटात गाडी उकळली, मिस्त्री म्हणतो हेड खोलावं लागतंय

केजकर

नमस्कार मंडळी. गाडी 2012 ची, पेट्रोल, 1000 सीसी, तीन सिलिंडर. एक लाख चौदा हजार किलोमीटर पळालीय. आजवर कधी रस्त्यात बसली नव्हती.

गेल्या रविवारी बीडला लग्न उरकून केजला परत येत होतो. दुपारचे अडीच, बाहेर 42 अंश, आत पाच माणसं, डिकीत आहेराची भांडी, एसी फुल. पाली ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो, तर एरवी मधोमध राहणारा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला. कुठंतरी वाचलेलं आठवलं म्हणून काचा खाली करून हीटर लावला, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. सासूबाई मागून म्हणाल्या, जावईबापू, ऊन लागलं का काय तुम्हाला? पण काटा थोडा खाली आला, आणि मांजरसुंबा दिसायच्या आत परत लाल पट्टीवर. बाजूला घेऊन बंद केली. बॉनेटखालून वाफ, आणि गोड-जळका वास.

पाऊण तास थांबलो. रेडिएटरचं झाकण हाताला लागेल इतकं गार झाल्यावर फडक्यानं हळूहळू उघडलं, लग्नातून आणलेल्या जारमधलं दोन-अडीच लिटर पाणी मावलं. बाजूची प्लॅस्टिकची बाटली मात्र भरलेलीच होती, याचं नवल वाटलं. नेकनूरपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही, पुढंही तशीच घरी आणली.

गावातल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "हेड गॅस्केट उडालंय, हेड खोलावं लागतंय. पंधरा धरून चला, आत काय निघालं तर वेगळं." (हेड म्हणजे सिलिंडरवरचं डोकं, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील.) काही मोजलं नाही, तपासलं नाही. माणूस वाईट नाही, पण पंधरा हजार नुसत्या नजरेवर द्यायला जीव होत नाही. खोलण्याआधी घरीच काय काय बघता येईल? माझ्याकडं पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर आहे. दोन वर्षांपूर्वी कूलंट कमी झाल्यापासून मी वरून बोअरचंच पाणी टाकत आलोय, हेही कबूल करून टाकतो.

आणखी एक गोष्ट, कामाची आहे का माहीत नाही. सोमवारी सकाळी बघितलं तर रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, चपटा झालेला, कुणीतरी मुठीत दाबल्यासारखा. झाकण उघडलं की फस्स करून फुगला.

परभणीकर

भाऊ, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेका. आपल्याकडं काय बर्फ पडतोय? माझ्या जीपचा पंधरा वर्षांपूर्वी काढला, अजून पळायलीय.

जुना_डिझेलवाला

परभणीकर, जीपचं जीपला. या गाडीत कॉम्प्युटर आहे. इंजिन गार राहिलं की त्याला वाटतं अजून तापायचंय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज जाईल, आणि खरा रोग तसाच राहील.

केजकर, शेवटी जे सहज लिहिलंत तेच सगळ्यात कामाचं. हेड गॅस्केट फुटलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो. त्यामुळं रात्रभर गार झालेल्या गाडीचाही होज बऱ्याचदा सकाळी टणक लागतो. तुमचा उलट, चपटा. म्हणजे आत पोकळी झाली. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. तापल्यावर एक उघडते आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. गार झाल्यावर दुसरी, मधली बारीक झडप उघडते आणि तेच पाणी परत ओढून घेते. ती अडकली, किंवा बाटलीकडं जाणारी बारीक नळी चोंदली, की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. दर फेरीला थोडं थोडं कमी होत जातं, आणि एक दिवस घाट येतो.

झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असेल. तो दाबाचा. 0.9 चा दाब धरला तर पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर फाटलं असेल तर दाब राहत नाही आणि शंभरालाच उकळी. झाकण त्याच आकड्याचं आणा, जास्तीचं नको.

तरी हेड गॅस्केटची शंका घरीच फेडून घ्या. सकाळी गार गाडीत ऑइलची पट्टी आणि ऑइल टाकायचं झाकण बघा, दुधाच्या चहासारखं काही दिसतंय का. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तर झाकणाला तसा थर नुसत्या दमटपणानंही येतो, पण मे महिन्यात तो बहाणा चालत नाही. मग रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा. पहिली दोन-तीन मिनिटं बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा अडकलेल्या हवेचा असतो. पण सोडा उघडल्यासारखे थांबतच नसतील, तर मिस्त्री खरा. सायलेन्सरमधून पांढरा धूर गाडी तापल्यावरही चालू राहिला, तरी तेच. शंका उरली तर निळ्या पाण्याची टेस्ट करणारा गॅरेजवाला गाठा. रेडिएटरच्या तोंडाशी ते निळं पाणी धरतात, सिलिंडरचा गॅस लागला की पिवळं पडतं.

हे होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. आज गॅस्केट शाबूत असेल, पण ॲल्युमिनियमचं हेड अजून एकदा तापलं की वाकायला वेळ लागत नाही.

लातूरची_ताई

फॅन बघितला का? गाडी उभी ठेवून एसी लावा, फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग फॅनला वीज सोडणारा रिले शेजारच्या सारख्याच रिलेशी अदलून बघा. आणि हात घालायच्या आधी फॅनचं कनेक्टर काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. आमच्याकडं एकाचं बोट गेलंय, म्हणून सांगते.

बोअरच्या पाण्याबद्दल तर हात जोडते. पाणी तापवायच्या रॉडवर सहा महिन्यांत जो पांढरा थर चढतो, तोच तुमच्या रेडिएटरच्या नळ्यांत चढलाय. गाडी तापवून बंद करा, कनेक्टर काढा आणि रेडिएटरवरून हात फिरवा. सगळीकडं उष्ण आणि एखादा पट्टा गार लागला, तर तो चोंदलाय.

केजकर

ताई, डिझेलवाले काका, फार आभार. काल सगळं करून बघितलं.

ऑइल स्वच्छ. बुडबुडे तीन-चार आले, मग शांत. धूर नाही. फॅन एसीवर लगेच फिरतो, एसीशिवाय तापल्यावरही फिरला. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याला बांधला, जुन्या पातेल्यात पाणी तापवून सोडला. वर 82 कोरलंय. उकळी यायच्या आधीच झडप उघडली, बाहेर काढल्यावर मिटली. हिनं विचारलं, ही कसली भाजी? ते पातेलं आता गॅरेजचं झालं. कूलंट विषारी असतं, म्हणून त्यात परत काही शिजणार नाही.

आता झाकण. रबराला एका बाजूनं नखाएवढी चीर, आणि मधली बारीक झडप पांढऱ्या क्षारानं अशी बसलीय की नखानंही उचलत नाही. रेडिएटरवर हात फिरवला तर खालचा डावा कोपरा, साधारण चार बोटं रुंद, गार. म्हणजे दोन्ही.

आता प्रश्न: लिंबाच्या फुलानं रेडिएटर धुता येईल का, का नवाच टाकू?

जुना_डिझेलवाला

म्हणजे झाकणानं आणि बोअरनं मिळून केलं. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या उकलून नळ्यांत सळी मारता यायची. तुमचा ॲल्युमिनियमचा, वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या, त्यात सळी जात नाही. लिंबाच्या फुलानं हलका थर निघतो, पण ॲल्युमिनियमला ते फार वेळ सोसत नाही, म्हणून थोडा वेळच ठेवा आणि मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोपरा गारच राहिला तर नवा घ्या. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर चालू, गाडीचं तोंड चढाकडं, आणि होज दाबत दाबत हवा काढा. आणि जुनं पाणी अंगणात ओतू नका. गोड लागतं, कुत्री-वासरं चाटतात आणि मरतात.

केजकर

धुतलं. पहिल्या बादलीत गढूळ, दुधी पाणी आणि चमचाभर पांढरी रेती निघाली. कोपरा अजून थोडा गारच आहे, म्हणून नवा रेडिएटर सांगितलाय, शुक्रवारी येतोय. झाकण 0.9 चं मिळालं, दोनशे वीस रुपये. आज सकाळी नवं झाकण लावून गावातल्या गावात फिरवली, आणि बंद करून चार तासांनी बघितलं तर होज गोल. रेडिएटर बसला की घाट चढून इथं काट्याचा फोटो टाकतो. सासूबाई म्हणतात, त्या दिवशी मी एसटीनं येईन.