शेक्सपिअरचे राजे कुठल्या क्रमाने पाहू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी 'रिचर्ड तिसरा' पाहिलं. सिनेमा नव्हे, लंडनच्या अल्मेडा थिएटरमधल्या २०१६ च्या प्रयोगाचं चित्रीकरण. दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड, रिचर्ड झालाय रेफ फाइन्स. सुरुवातच लेस्टरच्या कार पार्कमधल्या उत्खननाने होते (खऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये तिथेच सापडला). खड्ड्यातून वाकडा मणका वर येतो. मी सरसावून बसलो.

पण पुढे माझी दांडी गुल! एक म्हातारी राणी बाहुली कवटाळून येते आणि एकेकाला शाप देत सुटते. व्हनेसा रेडग्रेव्हने काय काम केलंय! पण ही बाई कोण, हिचं घोडं कुणी मारलंय, काही पत्ता नाही. त्यात एडवर्ड किती असावेत? एक मेलेला, एक मरायला टेकलेला, एक मारला जाणार असलेला. पुतण्यांचं प्रकरण तेवढं झटकन कळलं. 'काका, मला वाचवा' ऐकत वाढलेल्यांना ते काय शिकवायचं!

तर नाटकं लिहिली त्या क्रमाने पाहू की राजांच्या क्रमाने? 'द हॉलो क्राउन' सुचवू नका, ते सिनेमाच्या अंगाने जातं. मला प्रेक्षकांचा हशा नि खोकला ऐकू येणारंच हवंय. सबटायटल्स असली तर उत्तम.

प्रतिसाद १

तुम्ही पंगतीला थेट ताकभाताला बसलात की हो! म्हातारी म्हणजे मार्गारेट, सहाव्या हेन्रीची राणी. तिचा नवरा आणि मुलगा यॉर्कवाल्यांनी (म्हणजे रिचर्डच्याच घराण्याने) मारले, ती आधीच्या तीन नाटकांची थकबाकी वसूल करतेय. तुमचा मेलेला एडवर्ड तिचाच मुलगा.

'हेन्री सहावा' आणि 'रिचर्ड तिसरा' आधी लिहिली गेली, 'रिचर्ड दुसरा' नंतर. पण पाहताना राजांचाच क्रम धरा. ग्रेगरी डोरानने रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी २०१३ मध्ये केलेल्या 'रिचर्ड दुसरा'पासून सुरू करा, डेव्हिड टेनंटसाठी तरी. मग लंडनच्या ग्लोब थिएटरचे 'हेन्री चौथा'चे दोन्ही भाग (२०१०) आणि 'हेन्री पाचवा' (२०१२). तिन्हींत जेमी पार्करच आहे, त्यामुळे गुत्त्यात लोळणारा राजपुत्र त्याच चेहऱ्याने गादीवर बसतो. रॉजर अलमचा फॉलस्टाफ (राजपुत्राचा गुत्त्यातला सोबती) चुकवू नका. उघड्या छताखाली, उभ्या प्रेक्षकांकडे बघून बोलतो तो, हशा हवा तेवढा मिळेल.

प्रतिसाद २

'हेन्री सहावा'चे तीन भाग जड वाटले तर इंग्लिश शेक्सपिअर कंपनीचं 'द वॉर्स ऑफ द रोझेस' शोधा. बोग्दानोव आणि पेनिंग्टन यांनी तिन्हींची दोन नाटकं केली आहेत. स्वान्सीच्या ग्रँड थिएटरमधलं चित्रीकरण आहे, चित्र जुनाट, पण कात्री चांगली चालवलीय. मला तरी मार्गारेट तिथेच उमगली.

धागाकर्ता

आभार! काल टेनंट पाहिला. पदत्यागाच्या प्रवेशात जाणारा नि येणारा असे दोघे राजे एकाच मुकुटाला हात लावून उभे, आणि रिचर्ड विहिरीतल्या दोन पोहऱ्यांची उपमा देतो: रिकामा वर नाचतोय, अश्रूंनी भरलेला खाली बुडतोय, तो मी. तेवढा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. आता फॉलस्टाफ. दोन्ही भाग एकाच दिवशी झेपतात का हो?