वरच्या डाव्या दाढांची आरसीटी (रूट कॅनाल) करताना कंबर धरते

प्रश्न:
उजव्या हाताने काम, बैठक नऊ-दहा वाजताची (पेशंटचं तोंड घड्याळाच्या मध्यावर, बारा म्हणजे थेट डोक्यामागे). २६, २७ ची (वरची डावी पहिली, दुसरी दाढ) आरसीटी असली की अर्ध्या तासात कंबर आणि मान धरते. सॅडल स्टूल (घोड्याच्या खोगिरासारखी बैठक) घ्यावं की लूप्स (भिंगाचा चष्मा)? दोन्हींचं बजेट नाही.

प्रतिसाद १:
खरेदीआधी पेशंट नीट झोपवा. खुर्ची पूर्ण आडवी, हेडरेस्ट मागे पाडून हनुवटी वर. वरचं ऑक्लुजल प्लेन (दातांच्या चावण्याच्या बाजूची पातळी) जमिनीशी जवळपास काटकोनात आलं पाहिजे. डोकं खुर्चीच्या अगदी टोकाला हवं. ते चार बोटं खाली राहिलं तर तेवढं तुम्हीच वाकता. मग बारा वाजता बसा आणि आरशात बघून काम करा. नऊ वाजता बसून २७ थेट बघायला गेलं की कंबर वाकते आणि वळतेही. मणक्यांमधल्या चकतीवर या दोन्हींचा एकदम फार ताण येतो.
आधी स्वतःचं स्टूल लावा, मग पेशंटची उंची: तोंड तुमच्या कोपराच्या पातळीला किंवा किंचित वर. बरेच जण नेमकं उलट करतात.

प्रश्नकर्ता:
आरशावर पाणी उडतं, काहीच दिसत नाही.

प्रतिसाद २:
आरसा दाताला चिकटवून धरला जातो म्हणून. खालच्या दातांकडे, बरपासून (ड्रिलच्या फिरत्या टोकापासून) लांब न्या. असिस्टंटने एका हाताने सक्शन आणि दुसऱ्याने थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी मारायची नळी) हवा आरशावर धरायची. वाफ धरत असेल तर आरसा आधी गालाला आतून टेकवून कोमट करा. आणि आरसा फ्रंट सरफेसच (परावर्तक थर काचेच्या पुढच्या बाजूला असलेला) घ्या. साध्या आरशात कॅनालचं तोंड दुहेरी दिसतं आणि ते नीट दिसावं म्हणून डोकं नकळत पुढे जातं.

प्रतिसाद ३:
सॅडलवर तुम्ही उंच बसता. पेशंटची खुर्ची तितकी वर येत नसेल किंवा तिची पाठ जाड असेल, तर गुडघे खाली शिरत नाहीत आणि वाकणं तसंच राहतं. आधी मोजून बघा. साधं स्टूलही चालतं, फक्त मांड्या गुडघ्यांकडे उतरत्या हव्यात.
लूप्स घेताना किती पट मोठं दिसतं त्या आकड्याआधी डिक्लिनेशन अँगल (भिंगं खाली किती झुकलेली आहेत तो कोन) बघा. तो कमी पडला की मान २० अंशांपेक्षा जास्त वाकवावीच लागते, आणि टीटीएल लूप्समध्ये (भिंगं चष्म्याच्या काचेतच बसवलेली) तो नंतर बदलता येत नाही. वर्किंग डिस्टन्सचं (डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर) माप स्वतःच्या स्टूलवर, ताठ बसून द्या.
पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र आधी ऑर्थोपेडिककडे जा.

प्रतिसाद १:
फूट कंट्रोल (ड्रिल चालवायचं पायाचं पेडल) राहिलं. ते लांब असेल तर एका कुल्ल्यावर भार जातो. उजव्या टाचेजवळ ओढून घ्या, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट राहतील इतकं.